आमवातात फिश ऑइल घ्यायचं ठरवलंय? आधी डबीची मागची बाजू वाचा

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो आजार असलेल्या माणसाला फिश ऑइलबद्दल दोनच सल्ले मिळतात. पहिला: ‘रोज एक गोळी घ्या, सांध्यांना वंगण मिळतं.’ दुसरा: ‘काही उपयोग नाही, पैसे पाण्यात.’ हे दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी बहुधा एकच गोष्ट केलेली नसते, ती म्हणजे मात्रा मोजणं. रोज एक गोळी घेणाऱ्याला फरक पडत नाही. मग तो चार जणांना सांगतो की फिश ऑइल म्हणजे नुसती फसवणूक.

मी स्वतः आमवाताची रुग्ण आहे. हे तेल मी बरीच वर्षं घेते आहे, आणि ओळखीपाळखीतल्या कितीतरी जणांच्या डब्या हातात घेऊन त्यांचा हिशेब करून दिला आहे. त्या अनुभवातून हे लिहिते आहे. एक गृहीत धरते: तुमचं निदान पक्कं झालेलं आहे, तुम्ही रुमॅटॉलॉजिस्टकडे जाता आणि तुमची औषधं चालू आहेत. उतारवयात गुडघ्याची झीज होते तो आजार वेगळा, त्यासाठी हा लेख नाही.

हे तेल नेमकं काय करतं

सांध्याला वंगण मिळतं ही कल्पना डोक्यातून काढून टाका. पोटात गेलेलं तेल गुडघ्यात उतरत नाही. ते रक्तातून पेशींच्या आवरणात जाऊन बसतं. आपल्या पेशींच्या आवरणात ॲरॅकिडॉनिक ॲसिड नावाचं ओमेगा-६ गटातलं स्निग्धाम्ल असतं. शरीर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि ल्युकोट्राइन बी-४ ही रसायनं बनवतं, आणि सांध्यातली सूज, ठणका, गरमपणा यांत त्यांचा मोठा हात असतो. माशाच्या तेलातलं ईपीए हे ओमेगा-३ गटातलं स्निग्धाम्ल ॲरॅकिडॉनिक ॲसिडची जागा घेतं. त्यापासूनही अशीच रसायनं बनतात, पण ती बरीच सौम्य असतात. शिवाय ईपीए आणि त्याच तेलातलं दुसरं ओमेगा-३ स्निग्धाम्ल डीएचए या दोन्हींपासून रिझॉल्विन नावाची रसायनं तयार होतात, ती चालू असलेला दाह आवरता घ्यायला मदत करतात.

ॲस्पिरिनसारखी वेदनाशामकं प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रियाच अडवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. फिश ऑइल ती क्रिया अडवत नाही, तिला मिळणारा कच्चा माल बदलतं. म्हणूनच पेनकिलर तासाभरात लागू पडते आणि फिश ऑइलला दोन-तीन महिने लागतात. आवरणातला माल बदलायला तेवढा वेळ जातोच. हे एकदा नीट कळलं की ‘आठ दिवस घेतलं, काही झालं नाही’ असं तुम्ही कधी म्हणणार नाही.

फायदा किती? १९९५ मध्ये दहा चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात तीन महिन्यांनी सकाळचा ताठरपणा सरासरी २६ मिनिटांच्या आसपास कमी झालेला दिसला आणि दुखरे सांधे सरासरी तीनने कमी झाले. ही काही जादू नव्हे. पण सकाळी कुकरचं झाकण लावता येत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या बाईला त्या २६ मिनिटांची किंमत विचारा. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या २००८ च्या चाचणीत कॉड लिव्हर ऑइल घेणाऱ्या ३९ टक्के रुग्णांना पेनकिलरचा डोस ३० टक्क्यांहून जास्त उतरवता आला. नुसत्या दिखाऊ, औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत हेच प्रमाण १० टक्के होतं. माझ्या मते फिश ऑइलचा खरा उपयोग इथेच आहे: पोट आणि मूत्रपिंड सांभाळण्यासाठी पेनकिलर कमी करणं.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती सांगितली जात नाही. ईएसआर आणि सीआरपी हे दाह किती आहे ते दाखवणारे रक्तातले आकडे फिश ऑइलने खात्रीने खाली येतात असं नाही. सांध्यातल्या हाडाची झीज ते थांबवतं, हेही सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर आमवातासाठी पूरक गोळ्या सरसकट घेऊ नयेत, त्यापेक्षा मासे, भाज्या, कडधान्यं, ऑलिव्ह तेल असा भूमध्यसागरी वळणाचा आहार ठेवावा, असा सौम्य शब्दांतला सल्ला आहे. तुमचे डॉक्टर ‘गरज नाही’ म्हणाले तर ते अडाणी आहेत असं समजू नका.

मेथोट्रेक्सेटला हात लावायचा नाही

यावर मी वाद घालत नाही. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड ही मूळ आजार दाबणारी औषधं आहेत. फिश ऑइल त्यांच्या जोडीला घ्यायचं, त्यांच्या जागी कधीच नाही. या तेलाच्या बाजूने मला सर्वात भक्कम वाटणारा पुरावा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या चाचणीचा. तिथे नुकताच आजार सुरू झालेल्या रुग्णांपैकी एका गटाला रोज ५.५ ग्रॅम ईपीए-डीएचए दिलं आणि दुसऱ्याला ०.४ ग्रॅम. जास्त मात्रेच्या गटात औषधं अपुरी पडण्याचं प्रमाण कमी होतं आणि आजार शांत होण्याचं प्रमाण जास्त. पण दोन्ही गटांना तीन-तीन औषधं मिळून चालू होती. हे वाक्य वगळून ती चाचणी सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतो आहे.

‘नैसर्गिक उपाय’ सुरू केला म्हणून मेथोट्रेक्सेट सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. पहिले काही आठवडे बरे जातात, कारण औषधाचा असर लगेच उतरत नाही. मग मनगट सुजतं, बोटं वाकायला लागतात, आणि एकदा वाकलेलं बोट कुठल्याच तेलाने सरळ होत नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं

पुढच्या भेटीत नेमकं एवढंच सांगा: ‘मी रोज साधारण तीन ग्रॅम ईपीए-डीएचए घ्यायचं म्हणते, चालेल का?’ नुसतं ‘फिश ऑइल घेऊ का?’ विचारलंत तर त्यांच्या डोळ्यांसमोर एक गोळी येते आणि ते ‘घ्या’ म्हणतात. आकडा सांगितला की ते तुमची फाइल उघडतात. रक्त पातळ करणारी वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची ॲस्पिरिन चालू असेल, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास असेल किंवा पूर्वी झाला असेल, माशाची ॲलर्जी असेल, ऑपरेशन ठरलेलं असेल, तर हे त्यांच्या कानावर घातल्याशिवाय सुरू करू नका. ठोक्यांचा मुद्दा हलका समजू नका. ओमेगा-३ च्या मोठ्या मात्रेने एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो, हे हृदयरोगावरच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये निरोगी प्रौढांसाठी रोज ५ ग्रॅमपर्यंत ईपीए-डीएचए सुरक्षित मानलं. ती मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे.

डबी वाचणं: सगळी गोम इथे आहे

मलाही सुरुवातीला सगळ्यात जास्त इथेच अडायला झालं. प्रत्येक कंपनी आकडे वेगळ्या पद्धतीने छापते, अक्षरं मुंगीएवढी असतात आणि दुकानात मागे रांग लागलेली असताना हिशेब होत नाही. तेव्हा पहिली सूचना: दुकानात ठरवायचंच नाही. डबीच्या मागच्या तक्त्याचा फोनवर फोटो काढा, घरी या, फोटो मोठा करा, कागद-पेन घ्या.

डबीच्या समोर ठळक लिहिलेलं असतं ‘फिश ऑइल १००० मिलिग्रॅम’. हा आकडा आपल्या कामाचा नाही. तो गोळीतल्या एकूण तेलाचा आहे. आपल्याला हवे आहेत दोनच घटक, ईपीए आणि डीएचए. नेहमीच्या साध्या गोळीत ईपीए १८० मिलिग्रॅम आणि डीएचए १२० मिलिग्रॅम असतं. बेरीज ३००. उरलेलं ७०० मिलिग्रॅम म्हणजे दुसरी चरबी. तिच्याने अपाय नाही, पण सांध्याला उपयोगही नाही.

आता लागतं किती? आमवातात सूज-दुखीवर परिणाम दिसला तो रोज सुमारे २.७ ग्रॅम किंवा त्याहून जास्त ईपीए-डीएचएला, आणि तेही तीन महिने सलग घेतल्यावर. २.७ ग्रॅम म्हणजे २७०० मिलिग्रॅम. त्याला ३०० ने भागा. नऊ आले. साध्या गोळ्या घ्यायच्या तर रोज नऊ घ्याव्या लागतील! केमिस्टने, शेजारणीने, व्हॉट्सॲपवरच्या मेसेजने सांगितलेली एक गोळी म्हणजे लागणाऱ्या मात्रेचा नववा हिस्सा झाला. ३०० मिलिग्रॅम तेलाच्या त्या छोट्या पिवळ्या गोळ्या तर या हिशेबात बसतच नाहीत.

दुसरी मेख ‘सर्व्हिंग’ची. मागच्या तक्त्यात ईपीए ९००, डीएचए ६०० असं वाचून माणूस खूश होतो: एका गोळीत दीड ग्रॅम, दोन गोळ्यांत काम झालं. मग तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत दिसतं, ‘सर्व्हिंग साइझ: २ सॉफ्टजेल’. म्हणजे ते आकडे दोन गोळ्यांचे. एका गोळीत ७५०, आणि दिवसाला चार गोळ्या. सर्व्हिंग किती गोळ्यांचं आहे ते न वाचता ईपीएच्या आकड्याकडे जायचंच नाही, अशी सवय लावून घ्या. काही डब्यांवर तर आकडे ‘प्रति १०० ग्रॅम’ दिलेले असतात. तिथे एका गोळीचं वजन शोधून त्रैराशिक मांडावं लागतं. इतकी मेहनत करायला लावणारी डबी मी सरळ परत ठेवते.

तिसरी मेख: ‘टोटल ओमेगा-३’. यात ईपीए-डीएचएशिवाय बाकीची ओमेगा-३ स्निग्धाम्लंही मोजलेली असतात, म्हणून हा आकडा नेहमी जरा फुगलेला असतो. ईपीए आणि डीएचए वेगवेगळे छापलेले हवेत. छापलेले नसतील तर ते लपवण्याचं कारण आहे असंच मी समजते. ‘ओमेगा ३-६-९’ असं लिहिलेली गोळी तर घेऊच नका. ओमेगा-६ आपल्या जेवणात सूर्यफूल आणि करडईच्या तेलातून भरपूर येतं. ज्याची जागा घ्यायची आहे त्याच्याच घराण्यातलं तेल वेगळे पैसे देऊन कशाला आणायचं? आणि ‘डबल स्ट्रेंग्थ’, ‘ट्रिपल स्ट्रेंग्थ’, ‘डॉक्टर्स फॉर्म्युला’ या शब्दांपुढे एकच प्रश्न विचारा: एका गोळीत ईपीए अधिक डीएचए किती?

चौथी गोष्ट पैशाची. लोक डबीची किंमत बघतात, मी एका ग्रॅमची बघते. समजा एका डबीत ६० गोळ्या आहेत, प्रत्येकीत ३०० मिलिग्रॅम, आणि किंमत ६०० रुपये. डबीत एकूण १८ ग्रॅम ईपीए-डीएचए आहे, म्हणजे ग्रॅमला ३३ रुपये. दुसऱ्या डबीतही ६० गोळ्या, प्रत्येकीत ७५० मिलिग्रॅम, किंमत १२०० रुपये. एकूण ४५ ग्रॅम, ग्रॅमला २७ रुपयांपेक्षा कमी. दुप्पट किमतीची डबीच स्वस्त पडली, आणि रोज नऊऐवजी चार गोळ्या. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण रीत हीच. एकूण ग्रॅम काढा, किंमत त्याने भागा, मग दोन डब्यांची तुलना करा. आणि सुरू करण्यापूर्वी महिन्याचा खर्च मांडून बघा. तो परवडणारा नसेल तर अर्धी मात्रा घेण्यापेक्षा तेच पैसे ताज्या माशांवर घाला.

हे सगळं ज्यांना जड वाटतं त्यांना मी एक पट्टी लिहून देते. तीच इथे देते, कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवा: एका गोळीतलं ईपीए + एका गोळीतलं डीएचए = क्ष; २७०० ÷ क्ष = रोजच्या गोळ्या. उत्तर सहाच्या वर गेलं तर ती डबी सोडा. सहापेक्षा जास्त गोळ्या कुणीही तीन महिने रोज घेत नाही. पहिल्या पंधरवड्यातच कंटाळा येतो.

पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि मांसाहाराची तपकिरी खूण असते, ती बघा. ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळही असेल. तिने बिचकू नका, अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर ती छापावीच लागते.

कॉड लिव्हर ऑइल वेगळं

दुकानात ‘फिश ऑइल द्या’ म्हटलं की बऱ्याचदा कॉड लिव्हर ऑइलची डबी पुढे येते. हे माशाच्या यकृताचं तेल. त्यात ओमेगा-३ असतं, डंडीच्या चाचणीत तेच दिलं होतं. पण सोबत अ आणि ड जीवनसत्त्वं असतात, आणि मात्रा गाठण्यासाठी गोळ्या वाढवत नेल्या की अ जीवनसत्त्वही त्याच पटीत वाढतं. प्रौढांसाठी त्याची वरची मर्यादा दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम आहे. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक यकृताला त्रास देतो, आणि मेथोट्रेक्सेटमुळे आपण यकृताच्या तपासण्या आधीच करत असतो. गरोदर स्त्रीने किंवा तसा विचार असणाऱ्या स्त्रीने तर याच्या वाटेलाच जाऊ नये. माझं मत स्पष्ट आहे: आमवाताची पूर्ण मात्रा घ्यायची असेल तर साधं फिश ऑइल घ्या, यकृताचं नको.

शाकाहारी असाल तर

जवस खा, तेच आहे, असं सांगणाऱ्यांचा मला आता राग येतो. जवसाची चटणी मला आवडते, घरी नेहमी असते. पण जवसात असतं ते एएलए नावाचं वेगळं ओमेगा-३, आणि आपलं शरीर त्यातला फार थोडा भाग ईपीएत बदलतं, डीएचएत तर त्याहून कमी. चटणी चवीने खा, औषध म्हणून मोजू नका. शाकाहाऱ्यांसाठी खरा पर्याय म्हणजे समुद्री शैवालाचं तेल. मासेदेखील हे ओमेगा-३ शैवालाच्या साखळीतूनच मिळवतात. मात्र शैवालाच्या बऱ्याच गोळ्यांत नुसतं डीएचए असतं, तेव्हा ईपीएही लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं नाही ना, तेही पाहा.

मासे खाणाऱ्यांसाठी एक ओळ: तारली आणि बांगडा हे तेलकट मासे आठवड्यातून दोन-तीनदा खा, तिरफळ घालून कालवणात, तळून नव्हे. पापलेटात हे तेल बरंच कमी असतं. एवढ्याने रोजची २.७ ग्रॅमची मात्रा भरत नाही, पण पाया चांगला होतो.

खवट तेल ओळखा

डबी वाचण्याच्या खालोखाल महत्त्वाचं हेच. माशाचं तेल फार लवकर खराब होतं. हवा, उजेड आणि उष्णता, तिन्ही त्याचे शत्रू. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात कुरियरच्या गाडीत दोन दिवस तापलेली डबी घरी येते. डबी आली की एक गोळी कात्रीने कापा, तेल बशीत काढा, वास घ्या, बोटाला लावून चाखा. ताज्या तेलाला मासळीबाजारातल्या ताज्या माशाचा हलका वास असतो. जुन्या रंगासारखा, सुकटीच्या तळाशी उरलेल्या भुग्यासारखा उग्र वास आला, जीभ चरचरली, तर ती डबी परत करा. लिंबू किंवा संत्र्याचा स्वाद घातलेल्या गोळ्यांत हा वास झाकला जातो, म्हणून मी बिनस्वादाच्याच घेते.

काही कंपन्या तेलाच्या तपासणीचा अहवाल देतात. त्यात तेल किती खवट झालंय ते सांगणारा ‘टोटॉक्स’ हा आकडा २६ च्या आत असावा. पारा आणि इतर जड धातूंची तपासणी त्याच कागदावर असते.

एकदम सहा महिन्यांचा साठा करू नका, कितीही सवलत असली तरी. डबी फ्रिजमध्ये ठेवा. आणि एक गोष्ट आपल्यासारख्यांसाठीच: ही झाकणं दाबून फिरवायची असतात, सकाळी सुजलेल्या बोटांना ती उघडत नाहीत. म्हणून काही जण झाकण सैल ठेवतात किंवा गोळ्या स्टीलच्या डब्यात काढतात. सैल झाकणाने तेल खराब होतं. त्यापेक्षा घरातल्या कुणाकडून आठवड्याच्या गोळ्या एका छोट्या घट्ट डबीत काढून घ्या, मोठी डबी लगेच बंद करून फ्रिजमध्ये. झाकणावर रुंद रबरबँड घातला तर पकडही बरी येते.

घ्यायचं कसं

जेवणासोबत. रिकाम्या पोटी नाही, नुसत्या चहाबरोबर नाही. बऱ्याच सांद्र गोळ्यांतलं तेल इथिल इस्टरच्या रूपात असतं, आणि ते स्निग्ध जेवणाशिवाय नीट शोषलं जात नाही. पोळीला तूप, आमटीला फोडणी एवढं पुरतं. मात्रा दोन जेवणांत विभागा. गोळी जेवण अर्धं झाल्यावर घ्या, शेवटी नको, म्हणजे ढेकर कमी येतात. पहिल्या आठवड्यात निम्म्या मात्रेने सुरुवात करा, पोट जुळवून घेतं. मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी मळमळ होत असेल तर त्या दिवशी मात्रा कमी केली तरी बिघडत नाही.

गोळ्या गिळवत नसतील तर बाटलीतलं पातळ तेल मिळतं. ॲडलेडच्या डॉक्टरांनी सुचवलेली युक्ती चांगली आहे: छोट्या पेल्यात थोडा फळांचा रस घ्या, त्यावर तेल ओता, ढवळू नका, एका घोटात गिळा आणि वर पुन्हा थोडा रस प्या. मग जेवायला बसा. तेल जिभेवर रेंगाळत नाही.

वही

नुसत्या ‘बरं वाटतंय’ला अर्थ नाही. आमवात आपोआप कमी-जास्त होतो, पावसाळी हवेत बऱ्याच जणांना जास्त जाणवतो, आणि नवीन गोळी सुरू केली की मनालाच हुरूप येतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे आणि नंतर रोज तीन गोष्टी लिहा: सकाळी उठल्यापासून हात मोकळे व्हायला किती मिनिटं लागली, आज किती सांधे दुखले, आणि पेनकिलर किती घेतल्या. बाकी काही नको. मिनिटं अंदाजाने लिहू नका. उठल्यावर घड्याळ बघा, मूठ पूर्ण वळली की पुन्हा बघा. त्या काळात दुसरं काहीही नवीन सुरू करू नका. हळदीच्या गोळ्या, नवा पंचकर्माचा कोर्स आणि फिश ऑइल एकदम सुरू केलंत, तर फरक कशाने पडला ते कुणालाच सांगता येणार नाही.

तीन महिन्यांनंतर

वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सुरुवातीचे दोन आठवडे आणि शेवटचे दोन आठवडे शेजारी शेजारी ठेवा. ताठरपणाची मिनिटं उतरली असतील, दुखरे सांधे कमी झाले असतील, तर पहिला बदल पेनकिलरमध्ये करायचा, तोही त्यांना विचारून आणि हळूहळू: आधी गरज लागेल तेव्हाच, मग एक दिवसाआड, मग बघू. मेथोट्रेक्सेटचा निर्णय तपासणी आणि रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टरच घेतील, वहीवरून तुम्ही नाही.

काहीच फरक नसेल तर आधी हिशेब पुन्हा तपासा: मात्रा खरंच पूर्ण होती का, सलग घेतलं का, जेवणासोबत घेतलं का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर आणखी महिनाभर बघा आणि मग बंद करा. काही जणांना याने गुण येत नाही, आणि त्यांनी दर महिन्याला हजार-दोन हजार रुपये घालत राहण्यात शहाणपण नाही. गुण आलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं की तेल बंद केलं की काही आठवड्यांत ईपीए पेशींतून हळूहळू ओसरतं आणि परिणामही ओसरतो. प्रवासाला जाताना चार दिवस राहिलं तर काळजी नको. महिनाभर राहिलं, तर पुन्हा पहिल्यापासून तीन महिने धरून चाला.